कंगवा, खिडकी, निळा फ्रॉक

मंगळवार, ३ फेब्रुवारी

छोटी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू हे न फोडताच फेकशील, म्हणून पत्ता वरच्या काकूंकडून लिहून घेतला आहे. तेव्हा फसली आहेस. फोडलंच आहेस तर आता वाच.

फोन तू उचलत नाहीस. 'परत तोंड दाखवू नकोस' असं मी म्हणाले होते हे खरं, पण माझं बाकी काही ऐकत नाहीस आणि नेमकं तेवढंच इतकं मनावर घेतलंस. आईला संस्थेत ठेवायचं की घरी, हे आपलं भांडण जिथं थांबलं तिथून पुढे कधीही सुरू करू. माझी बाजू तयार आहे. आत्ता काम आहे.

आईची चित्रं भिजली.

कसली चित्रं ते तुला माहीत नाही, ती तू गेल्यानंतरची. तिची वाचा गेली, उजवी बाजू गेली, ती नुसती बघत राहायची आणि मी एकेक वस्तू नाचवत 'हे हवं का, ते हवं का' करत घरभर धावायचे. एकदा तिने डाव्या हाताने माझ्या खिशातलं पेन ओढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला कप काढला. कपड्यांच्या दुकानासाठी जन्मभर भरतकामाचे नमुने काढलेली बाई ती, हात बदलला तरी नजर तीच. मी तिला रंगांची पेटी आणून दिली. मग तिने आपलं सगळं बोलणंच रंगवून काढलं. कप म्हणजे चहा. खिडकी, पाय, रेडिओ, उशी, दिवा. कंगवा रोजचा ठरलेला. सकाळी माझं डोकं दिसलं की पहिला कंगवा पुढे. मला रबरी बूट आणि कानटोपीत काढलं आहे, कामावरून आल्यासारखी. काकूंचं नुसतं उघडं तोंड आहे. काकूंना वाटतं ते फूल आहे, मीही तसंच सांगितलं आहे. आणि तू आहेस, निळ्या फ्रॉकमध्ये. तुझं चित्र काही केल्या तिच्या मनासारखं होईना, वाळलं की पुन्हा त्यावर रंग.

डिसेंबरात तिला अर्धांगाचा दुसरा झटका आला. आता डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात, ब्रश धरवत नाही. नवी चित्रं व्हायची नाहीत. मी काढून पाहिली, तिने मान फिरवली. फोटो दाखवले, ते तिला परक्यासारखे वाटतात. तिला तिचीच चित्रं कळतात.

गेल्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं. काकू नळ उघडा टाकून बाहेर गेल्या आणि मग पाणी आलं. आमच्या छतातून ते सरळ आईच्या पलंगाशेजारच्या फळीवर. गठ्ठा चिंब. मी काय केलं असेल? कोल्ड स्टोरेजमध्ये मासळीचं करते तेच. दोन कागदांमध्ये प्लॅस्टिक, वरून घट्ट गुंडाळी, सगळीकडून चिकटपट्टी, आणि थेट थंड खोलीत. मुकादम म्हणाला, "मासळी आहे का?" म्हटलं, "नाही, आईचं बोलणं आहे." तो म्हणाला, "मग मला दिसलंच नाही. मागच्या मांडणीवर ठेव."

गोठली आहेत, तोवर रंग जागच्या जागी आहेत. बर्फ वितळला की पाणी, आणि पाणी झालं की सगळे रंग एकमेकांत. आणि तूच सांगितलं होतंस, फळांच्या कारखान्यात लागलीस तेव्हा, इथे ओट्यावर पाय हलवत बसून, की तुमच्या चेंबरमध्ये हवा ओढून घेतली की गोठलेल्या फळातला बर्फ पाणी न होताच वाफ होऊन जातो. मी हसले होते. तू कपाट उघडून डांबराची गोळी माझ्या नाकाखाली धरलीस. लहानपणी त्या गोळ्या लहान लहान होत जायच्या आणि आपण एकमेकींवर चोरीचा आळ घ्यायचो, ते तू मला तेव्हा समजावलंस. कपडे ओले न करता गोळी गेली कुठे? उडून गेली.

आईची चित्रं तशी सुकवून दे. तुमच्या चेंबरमध्ये एक ट्रे, एवढंच. आमची गाडी तुमच्या बाजूला जाते, ड्रायव्हर बर्फात घालून आणून देईल.

आई तुलाच मागते आहे गं.

ताई


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

छोटी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही ताणून धरलं असतं, पण इतकं नाही.

इथली परिस्थिती सांगते. आई पलंगाच्या लोखंडी कडेवर बोटाने टकटक करते. तीन वेळा, मग थांबते, माझ्याकडे बघते, परत तीन वेळा. मी पाणी दिलं. खिडकी उघडली, लावली. कूस बदलली. रेडिओ लावला, बंद केला. पाय चेपले. भांडं दिलं. कपाटातली प्रत्येक साडी काढून दाखवली. काकू म्हणाल्या, "देवाला बोलावत असतील हो." मी म्हटलं, "काकू, देवाला बोलवायला कडी कशाला वाजवेल ती?" आणि मग मला इतकं वाईट वाटलं की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. दिवसभर त्याच बिचाऱ्या तिच्याजवळ बसतात.

तिला काहीतरी हवं आहे, ती मला स्पष्ट सांगते आहे, आणि मी मठ्ठासारखी उभी आहे. तिच्या डोळ्यांत राग येतो, मग राग जाऊन दुसरं काहीतरी येतं. राग परवडला.

मी एक मूर्खपणा केला. निदान चहाचा कप तरी जवळ असावा म्हणून ते एक चित्र घरी आणून आपल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. म्हटलं सुट्टीच्या दिवशी सावकाश काहीतरी करू. दुपारी लाईट गेली. मी कामावर होते. आले तेव्हा कप्प्यातून लाल पाणी भाजीच्या खणात उतरलेलं. कागदावर गुलाबी डाग, त्याला कान नाही, बशी नाही. तरी मी तो आईसमोर धरला. तिने बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले. आता चहा हवा की नको हे मला कधीच कळणार नाही. मी आपली करून देते, ती आपली पिते.

बाकीची अजून कोल्डमध्ये आहेत. पण मार्चात आमची खोली बंद होते. वर्षातून एकदा सगळा माल हलवतात, मशीन थांबवतात, भिंतींवरचा बर्फ पाडून खोली धुतात. मुकादम कितीही भला असला तरी बंद मशीनमध्ये थंडी कुठून आणणार?

हात जोडते. मला तुझ्यासमोर हात जोडलेले तू कधी पाहिले नाहीस, तर कल्पना कर.

ताई


मंगळवार, २४ फेब्रुवारी

छोटी,

मिळालं तुझं उत्तर. किती ते पाल्हाळ. 'चेंबरमध्ये अन्नाशिवाय काही जात नाही, मी विचारलं, नाही म्हणाले. चित्रं गुंडाळू नकोस, सुटी कर आणि उघडी पंख्यासमोर टांग.' खाली नाव नाही. आई कशी आहे, हा प्रश्न नाही.

उघडी टांग! अगं, माझं अर्धं आयुष्य माल गुंडाळण्यात गेलं. गुंडाळी सुटली की थंड हवेत मासळी वरून पांढरी पडते, कोरडी, चामड्यासारखी. आम्ही म्हणतो माल करपला. आग नाही, धूर नाही, पण करपला. त्यासाठी रोज ओरडून घसा बसतो माझा, नीट गुंडाळा, कोपरे दाबा. आणि तू मला सांगतेस आईची चित्रं उघडी टांग. थट्टा करतेस की खरंच काही कळत नाही? मी परत जाऊन वरून आणखी एक गुंडाळी चढवून आले.

आणि आता चिडलेच आहे तर हेही ऐक. आई तुला मागते आहे असं लिहिलं होतं ते मी मनाने लिहिलं. म्हटलं, त्याने तरी पाघळशील. ती काय मागते हे मला माहीत नाही. पाणी मागत असेल, मरण मागत असेल, उशी बदलून मागत असेल. माझ्या आईची भाषा एका मांडणीवर गोठून पडली आहे आणि मला तिचा एक शब्द येत नाही.

टकटक चालू आहे. हे लिहितानाही.

ताई


रविवार, ८ मार्च

छोटी,

तुझं बरोबर होतं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

काल मागच्या मांडणीवरचे खोके हलवायला घेतले. खोली बंद व्हायची तारीख लागली, शनिवार २१. खोक्याच्या कोपऱ्याने माझ्या गुंडाळीचा कोपरा कधीतरी फाटलेला होता, दोन्ही थरांचा. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दुसऱ्या कुणाच्या मालाचं असं झालं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. हात घातला तर सगळ्यात वरचा कागद लागला, आणि तो कडक नव्हता. त्यावर बर्फ नव्हता. वाकत होता.

कंगवा होता.

कोरडा! दाता न् दाता जागेवर, पिवळा रंग जिथं ठेवला तिथं. कुठे एक ओघळ नाही. इतक्या दिवसांत त्या फटीतून वारा लागून त्यातला बर्फ परस्पर उडून गेला, पाण्याला मध्ये न घेता. म्हणजे मासळी करपते तीही अशीच, आणि तुझी फळं सुकतात तीही अशीच. जे होऊ नये म्हणून मी पगार घेते ते झालं म्हणून मी त्या थंडीत उभी राहून हसत होते. मुकादमाने दार उघडून विचारलं, "बाई, डोक्यात थंडी गेली का?"

मग सगळी गुंडाळी फाडली. आतली चित्रं जशीच्या तशी, दगड. मी इतकी घट्ट बांधली होती की वारा शिरायला जागा नव्हती, आणि तुझं पत्र आल्यावर वरून आणखी बांधली. तेव्हाच ऐकलं असतं तर आज सगळी हातात असती. प्लॅस्टिक मध्ये होतं म्हणून सुटी तरी झाली. पंख्यासमोर दोरी बांधली आणि मालाच्या चिठ्ठ्यांचे चिमटे लावून टांगली. खिडकी, पाय, उशी, मी, काकूंचं तोंड, तू. आत येणारा प्रत्येक जण त्यांच्याखालून वाकून जातो.

पण २१ तारीख जवळ आहे. तुझ्या मशीनला तासांचं काम असेल, माझ्या पंख्याला आठवडे लागतात.

ताई


गुरुवार, १९ मार्च

छोटी,

हे ड्रायव्हरच्या हाती देते आहे, आजच्या आज तुझ्या हातात पडावं म्हणून. उभ्या उभ्या वाच.

चित्रं सुकली. एक सोडून सगळी. काल घरी आणली.

आईसमोर गठ्ठा ठेवला तेव्हा तिचा श्वासच बदलला. सगळ्यात वर कंगवा होता. तिने कंगवा पाहिला, मग माझं डोकं पाहिलं. मी म्हटलं, "विंचरते गं बाई, विंचरते, आधी सांग, तुला काय हवंय?" एकेक कागद तिच्या बोटाखाली धरला. खिडकी, तिने बोटाने सरकवली. पाय, सरकवला. उशी, दिवा, रेडिओ, सगळं बाजूला. माझं चित्र आलं तेव्हा जरा थांबली, बोट माझ्या कानटोपीवर ठेवलं, आणि मलाही सरकवलं. गठ्ठा संपला. तिने रिकाम्या चादरीकडे पाहिलं आणि टकटक केलं. तीन वेळा.

मी परत पहिल्यापासून सुरू केलं. परत तेच. मग माझ्या लक्षात आलं काय राहिलं ते. खात्री नको का? उठून दोरीवरचा निळा टॉवेल आणला आणि तिच्यासमोर धरला. टकटक थांबली. छोटी, तिचं बोट थांबलं, आणि ती टॉवेलच्या मागे बघायला लागली, कुणी उभं आहे का.

तुला फसवायला म्हणून मी ते लिहिलं होतं. ते खरं होतं. पहिल्या दिवसापासून ती तुलाच मागत होती आणि मी तिला भांडं देत होते.

जे एक सुकलं नाही ते तुझं. तुझ्यावर तिने इतके थर चढवले होते की कागदाने पाणी सगळ्यात जास्त धरलं. फ्रॉक अजून चकाकतो, हात लावला की बोट चिकटतं. परवा सकाळी मशीन बंद होईल. मुकादमाला विचारलं, माल जातो त्या गाडीतून हेही जाऊ दे दुसऱ्या कोठारात. तो म्हणाला, "इथे मी डोळे मिटतो, तिथले डोळे माझे नाहीत." आपल्या फ्रिजवर माझा भरवसा उरला नाही.

पण मी चित्रासाठी लिहीत नाही. मशीन नको, चेंबर नको. तू ये. शनिवारच्या आत ये. माझ्याशी बोलू नकोस, मी काकूंकडे जाऊन बसेन. तिच्यासमोर नुसती उभी राहा.

ताई


रविवार, २२ मार्च

छोटी,

नाही आलीस.

काल सकाळी मशीन थांबली. इतकी वर्षं कानात असलेला आवाज गेला की खोली परकी वाटते. दारं उघडली, भिंतींवरचा बर्फ सुटून लाद्यांवर आदळायला लागला. मी तुझं चित्र मासळीच्या पेटीत बर्फामध्ये ठेवलं आणि घरी निघाले. वाटेत ठरवलं. फ्रिजमध्ये ठेवलं तर आज ना उद्या लाईट जाईल आणि ते कपासारखं एकटंच वितळेल, कुणी न बघता. त्यापेक्षा तिला बघू दे.

भर दुपारचं ऊन होतं. ट्रे तिच्या मांडीवर ठेवला आणि त्यात चित्र. आधी नुसतं पांढरं होतं. मग वरचं दव गेलं आणि तू दिसलीस. सुकलेल्या चित्रांत रंग जरा फिके पडले आहेत, पण तुझे ओले असल्यामुळे नवे वाटत होते. तुझी हनुवटी तिने अगदी बरोबर काढली आहे, पुढे काढलेली, हट्टी. फार सुंदर चित्र आहे गं ते. होतं.

मग फ्रॉकची कड हलली. आईने बोट तिथं ठेवलं, दाबून धरलं, जणू धरलं तर थांबेल. निळं तिच्या बोटाच्या दोन्ही बाजूंनी निघालं. मग बाही गेली, मग चेहरा. तिने एकदाही दुसरीकडे बघितलं नाही. मी रडत होते आणि ती नव्हती. ट्रेमध्ये नुसतं निळं पाणी उरलं तेव्हा तिने बोट उचललं, पाहिलं, आणि पलंगाच्या कडेवर टकटक केलं. तीन निळे ठिपके उमटले आहेत. ते मी पुसलेले नाहीत आणि कुणाला पुसू देणार नाही.

आता माझ्याकडे तुला पाठवायला काही नाही, मागायला काही नाही. संस्थेत ठेवली असती तर तिथे कुणीतरी ही खूण ओळखली असती का, हाही विचार काल माझ्या मनात आला. तो तुला सांगावासा वाटला, एवढंच. मी फार दमले आहे, छोटी. यापुढे लिहिणार नाही.

ताई


बुधवार, २५ मार्च. ओट्यावर

छोटी,

गाढ झोपली आहेस म्हणून उठवत नाही. मी कामावर निघाले, खोली धुवायची आहे. चहा झाकून ठेवला आहे, गरम करून घे. काकू खाली येतील, त्यांना फुलाबद्दल काही बोलू नकोस.

काल तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी हातातली बादलीसुद्धा खाली ठेवली नाही, एवढं तरी नीट करायला हवं होतं. तू पलंगाकडे गेलीस आणि आई तुझ्याकडे बघत राहिली, किती वेळ कोण जाणे. बोट कडेवर होतं, पण वाजवलं नाही. मग ते गठ्ठ्याकडे गेलं. मी धावत जाऊन कागद धरले. म्हटलं, आता ही काय बोलेल इतक्या दिवसांनी? खिडकी सरकवली, दिवा सरकवला, सगळं सरकवत गेली, आणि शेवटी जे हवं होतं त्यावर बोट ठेवून तुझ्या डोक्याकडे बघत बसली. तू माझ्याकडे वळून पाहिलंस, तुला काही कळेना, आणि मला हसू आवरेना, सांगता येईना. मग तूच रडायला लागलीस, त्यामुळे सांगायचं राहूनच गेलं.

तर ऐक. ती जागी झाली आहे आणि दाराकडे बघते आहे. कंगवा खिडकीत ठेवला आहे. आधी केस विंचर, मगच तिच्यासमोर जा.

संध्याकाळी भांडू.

ताई